पांढरीचं टेकाड आणि वाघोलीच्या कुंड्या

तुमच्या बाल्कनीतल्या कुंडीत जी माती आहे, ती त्याआधी कुणाचं घर होती, हे तुम्ही कधी विचारलंय का?

प्रश्न खोचक वाटला तर वाटू द्या. मी लिहिते आहे ते वाघोलीच्या पुढे, नगर रस्ता सोडून आत गेल्यावर लागणाऱ्या एका टेकाडाबद्दल. तिथे मी दोनदा जाऊन आले. परत आल्यापासून मातीनं भरलेली ट्रॉली दिसली की ती कुठून आली ते मी विचारत सुटते, आणि आपल्या शहरात अशा ट्रॉल्या कुठे दिसत नाहीत?

वाघोली

सुरुवात माझी मैत्रीण रेवती हिच्या बाल्कनीत झाली. ती आयटीत आहे, वाघोलीच्या नव्या सोसायटीत अकराव्या मजल्यावर राहते आणि सुटीच्या दिवशी गवती चहा लावते. मी गेले तेव्हा ती कुंडी बदलत होती. कुंडीच्या भोकावर ठेवायला तिनं मातीतूनच एक खापर काढलं. लाल, पातळ, आणि त्यावर काळ्या रंगाच्या तीन तिरक्या रेघा.

"हे कुठलं गं?"

"मातीतच येतात. ड्रेनेजला बेस्ट आहेत. नर्सरीवाला म्हणतो प्रीमियम सॉइल आहे, आमच्या पूर्ण पोडियम गार्डनला हीच टाकलीय."

मी ते खापर मागून घेतलं. कॉलेजात आम्हाला प्राचीन इतिहास शिकवणाऱ्या बापटबाई आता निवृत्त होऊन विश्रांतवाडीला राहतात. त्यांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "तुकडा घेऊन ये. धुऊ नकोस. शहाणपणा करू नकोस."

बाईंनी खापरावर नखानं टकटक केलं. धातूच्या भांड्यासारखा आवाज आला.

"ही कुंडी नव्हे," बाई म्हणाल्या. "हे भांडं जिच्या घरात होतं त्या बाईला लोखंड ठाऊक नव्हतं. तांबं होतं, तेही जपून वापरायचं. कापायला दगडाच्या पात्या. पण शेती होती, गुरं होती, पक्कं घर होतं. तीन हजार वर्षं तरी झाली असतील. आपल्याकडचे पहिले शेतकरी म्हण हवं तर. आणि तुझी मैत्रीण त्यावर गवती चहा लावते?"

"भोकावर ठेवते."

"वा. सदुपयोग."

नर्सरीवाल्यानं काही लपवलं नाही. उलट अभिमानानं सांगितलं, "पांढरीची माती आहे मॅडम. टाकली की झाड हसतं." आणि वाडीचं नाव दिलं.

पांढरी हा शब्द मी ऐकलेला होता, पण खडकीच्या क्वार्टरमध्ये वाढल्यामुळे कधी मनात उतरला नव्हता. गावाची पिकाऊ जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. माणसं एका जागी पिढ्यान्‌पिढ्या राहिली की चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंती, खरकटं, हाडं, सगळं मिसळून माती पांढुरकी होते. म्हणूनच ती झाडांना मानवते. नर्सरीवाला खोटं बोलत नव्हता. ती खरोखरच प्रीमियम होती.

पांढर

रविवारी सकाळी बाईंना स्कूटरवर मागे बसवून निघाले. वाघोली ओलांडेपर्यंत बाई एकदाच बोलल्या, "हे खड्डे पाहता उत्खनन आधी इथेच करायला हवं." मला हसू आलं नाही. समोरून पांढुरक्या मातीनं भरलेली एक ट्रॉली येत होती, मग दुसरी आली. काय काय चाललंय त्यातून, ते पाहायला मी स्कूटर हळू केली.

वाडी नदीकाठी आहे. गहू नुकताच निघालेला, शेतात नुसते खुंट. नदीकडच्या बाजूला एक मोठं टेकाड, बैल बसावा तसं. त्याचा जवळजवळ अर्धा भाग उभा कापून नेलेला होता. कापलेल्या भिंतीसमोर ट्रॅक्टर उभा होता आणि त्याच्या सावलीत मालक, संपत, चहा पीत होता.

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा खडकीच्या कारखान्यात आणि युनियनमध्ये. आमच्याकडे जेवणाच्या ताटाखाली सांडू नये म्हणून पत्रकच असायचं. त्यामुळे ट्रॅक्टरशेजारी बसलेला माणूस हा आपला शत्रू, असं मनात धरूनच मी उतरले. माझं पहिलं वाक्य तयार होतं. पण संपत उठून म्हणाला, "या, चा घ्या. ऊन लई हाय." आणि त्यानं बाईंना बसायला पोतं झटकून दिलं. तयार वाक्याचं काय करावं ते मला कळेना.

"हे टेकाड का काढताय?" मी विचारलं.

"सपाट केल्याबिगर पाणी चढत न्हाई ताई. ऊस करायचाय. माती टाकून द्यायची, तर तुमच्याकडनं फोन येत्यात, पाठवा पाठवा. मग पाठवतो."

तुमच्याकडनं. तो शब्द मी तेव्हा नीट ऐकला नाही.

बाई त्या उभ्या कापाजवळ गेल्या आणि मला जवळ बोलावून हात न लावता बोटानं दाखवू लागल्या. मला आधी नुसती माती दिसली. मग त्यात रेघा दिसल्या. एक चोपलेली पिवळसर रेघ म्हणजे जमीन, सारवलेली. तिच्यावर राख. राखेवर पुन्हा जमीन. एके ठिकाणी मातीचा खोलगट काळपट वाडगा, म्हणजे चूल. शेजारी पोटासारखी गोल खोल जागा, म्हणजे धान्याचं पेव. बाईंनी जमिनीवर पडलेला ढेपळा फोडून फुंकर मारली, तर त्यात काळे झालेले बारीक दाणे.

"जव," त्या म्हणाल्या. "जळले म्हणून टिकले. जव, गहू, मसूर, वाटाणा, हुलगा. पोटापुरतं पिकवायचे आणि नदीतले मासे, रानातली हरणंही खायचे."

"सगळे सारखे होते? की तेव्हाही मालक आणि राबणारे होतेच?"

"आली वळणावर," बाई म्हणाल्या. "अगं, पत्रकं सापडत नाहीत जमिनीत. पण अशा एका वस्तीत गावाचं कोठार सापडलंय, आणि त्याला लागूनच सगळ्यात मोठं, पाच खोल्यांचं घर. कोठार कुणाच्या दारात होतं ते बघ, आणि तुझं तू ठरव."

मला फार बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं.

मग त्यांनी वरचे थर दाखवले. खाली घरांच्या भिंती सरळ, लांब. वर येता येता घरं लहान होत गेलेली, शेवटी नुसत्या गोल झोपड्यांचे खांब रोवलेले खड्डे. "पाऊस फिरला असावा, असा तर्क आहे. शेती परवडेना, गुरं घेऊन फिरायला लागले. मग गेले." बाईंनी हे इतकं सहज सांगितलं की मी नदीकडे पाहिलं. नदीत पाण्यापेक्षा जलपर्णीच जास्त होती.

आणि तेवढ्यात बाईंचं बोट थांबलं. खांद्याच्या उंचीवर, एका सारवलेल्या जमिनीच्या रेघेखाली, दोन मडकी आडवी होती. एकमेकांना तोंड लावून. फावड्यानं एकाचा कडेचा टवका उडाला होता, बाकी दोन्ही शाबूत.

"लहान मूल," बाई म्हणाल्या. "घरातच पुरायचे, पायाखालच्या जमिनीत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यात मूल."

मी पुढे झाले. "मग आत्ताच काढू या ना! उद्या हा ट्रॅक्टर..."

"हात मागे घे. काढलंस की ते नुसतं मडकं होईल. कुठल्या घरात, कुठल्या जमिनीखाली, शेजारी काय होतं, यासकट ते नोंदायला हवं, आणि ते करायचा अधिकार ना तुला आहे ना मला. मी उद्या पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत अर्ज देते. तोवर तू काही करू नकोस."

मागे कुणीतरी उभं होतं. संपतची आई, हौसाकाकू. डोक्यावर पदर, हाताला शेण.

"म्हंजी लेकरू हाय त्यात?" त्यांनी विचारलं.

"हो."

काकू त्या मडक्यांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "जेवून जावा."

हौसाकाकूंची ओसरी

शेंगोळी होती. हुलग्याच्या पिठाची, लसूण-मिरची ठेचून केलेल्या रश्शात उकळलेली, सोबत बाजरीची भाकरी. खडकीला आमच्याकडे हुलगा आजारपणात कढण म्हणून होतो आणि नाक दाबून पितात. इथे मी दोनदा मागून घेतली. "हुलगा तेव्हाही होता म्हणून सांगितलं ना, तोच," बाई म्हणाल्या. तीन हजार वर्षं नदीकाठच्या चुलीवर हेच शिजतंय हे ऐकून संपतला काहीच विशेष वाटलं नाही. "दुसरं काय पिकतंय इथं?" तो म्हणाला.

काकूंनी विचारलं, "आन मोठी मानसं? ती बी घरातच?"

"घरातच, नाहीतर अंगणात. पण पुष्कळदा पाय घोट्यापासून कापलेले असतात. परत उठून कुठे जाऊ नयेत, घरातच राहावं, म्हणून असेल असं म्हणतात."

काकूंनी भाकरी थापता थापता तोंडाला पदर लावला. "आमच्या मालकांचं जित्तेपणीच कापाय पायजे हुतं. सारखं तालुक्याला."

संपतला ठसका लागला. बाईसुद्धा हसल्या. मग काकू तव्याकडे बघत म्हणाल्या, "आमच्यात बी दात आल्याबिगरचं लेकरू जाळत न्हाईत. माजी पयली पोरगी त्या बांधाला हाय." संपतनं आपलं ताट उचलून बाहेर नेलं. मला वाटतं, बहिणीबद्दल आईनं परक्यांसमोर बोलावं असं आजवर घडलं नसावं.

निघताना मी संपतला म्हटलं, तेवढी भिंत तरी सोडा. तो म्हणाला, "बगतो." हा शब्द मराठीत होकारही असतो आणि नकारही. परतीच्या वाटेवर मी तोच घोळवत राहिले.

खडकी

काही करू नकोस, असं बाई म्हणाल्या होत्या. मला काही न करणं शिकवलेलंच नाही.

रोज कामावर बसल्या बसल्या मला त्या मडक्यांची दोन तोंडं दिसत. आत्ता ट्रॅक्टर चालू झाला असेल. आत्ता फावडं लागलं असेल. रेवतीला फोन केला तर ती म्हणाली, "रिलॅक्स यार, अर्ज केलाय ना?" अर्ज केला होता, उत्तर यायचं होतं, आणि ट्रॅक्टर उत्तरासाठी थांबत नाही.

शेवटी मी पत्रक लिहिलं. बाबा खूश झाले. चष्मा लावून ओरडून वाचू लागले: "बंधू-भगिनींनो, जागे व्हा! तुमच्या पायाखाली, वाडीच्या टेकाडात, पूर्वजांचा अमोल ठेवा दडलेला आहे. तो दिवसाढवळ्या लुटला जातो आहे! हा ठेवा तुमचा आहे!"

"पहिलंच वाक्य कानाखाली वाजतं," बाबा म्हणाले. "जा, वाट."

वाडीजवळच्या मोठ्या गावात आठवड्याचा बाजार भरतो. तिथे मी उन्हात उभी राहून शेवटचं पत्रक संपेपर्यंत वाटलं. एरवी पुण्यात पत्रक घेणारा माणूस ते पुढच्या चौकात टाकतो. इथे लोक जागच्या जागी वाचत होते, दुसऱ्याला वाचून दाखवत होते, नीट घडी करून खिशात ठेवत होते. एका आजोबांनी तर दोन मागून घेतली. मी इतक्या आनंदानं घरी आले की बाईंना कळवायचंही राहून गेलं. खरं सांगायचं तर राहू दिलं.

पुन्हा पांढर

पुढच्या रविवारी बाईंबरोबर पुन्हा निघाले. अर्जावर अजून काही कळलं नव्हतं. वाडीच्या फाट्यावर टपरीवाल्यानं मला ओळखलं.

"पत्रकवाल्या ताई ना तुमी? एक इचारू?" तो जवळ आला आणि आवाज बारीक केला. "ठेवा नेमका कुठल्या अंगाला हाय? नदीच्या, का वाडीच्या?"

मला क्षणभर अर्थच लागला नाही.

"न्हाई, म्हंजी लोकं दोन्हीकडनं उकरत्यात. हंडा हाय का पेटी, त्ये बी लिवलं असतं तर बरं झालं असतं."

मागच्या सीटवर बाई हळूच म्हणाल्या, "काय लिहिलंस तू?"

मी पत्रक काढून दिलं. बाईंनी वाचलं. "ठेवा," त्या म्हणाल्या. "अगं, पुण्याच्या सभागृहात ठेवा म्हणजे भाषण. इथे ठेवा म्हणजे सोनं. गुप्तधन. आणि वर लिहितेस, तो तुमचा आहे." पत्रक घडी करून त्यांनी परत दिलं. टोमणा मारला असता तर मला सोसलं असतं.

टेकाडावर खड्डेच खड्डे होते. ट्रॅक्टरनं निदान एका बाजूनं कापलं होतं. माणसांनी जिथे जागा मिळेल तिथे कुदळ घातली होती. चुली गेल्या होत्या. पेव फुटलं होतं. सारवलेल्या जमिनींचे तुकडे बिस्किटांसारखे पसरले होते. लाल खापरं तर पायाखाली वाजत होती. एका खड्ड्यात कुणीतरी लिंबू आणि हळद टाकली होती. मी त्या उभ्या भिंतीकडे धावले.

भिंतीत मडकी दिसेनात. मडकी असलेली जागाच दिसेना. तिथे गोवऱ्यांचा हुडवा उभा होता. उन्हाळ्यात गोवऱ्यांची चळत रचून वरून शेणानं लिंपतात तो. पुरुषभर उंच, भिंतीला पाठ लावून, ताजा, ओला.

संपत आला. आज चहा नव्हता. "झालं समाधान?" तो म्हणाला. "म्या एका बाजूनं घेत हुतो. तुमी समदा गाव आनून घातला. माज्या शेतात मलाच इचारत्यात, तू कशापायी आलास म्हनून!"



"संपत, गप," मागून काकू आल्या. हुडव्यावर हात ठेवून त्या मला म्हणाल्या, "बाजारातनं लोकं कागुद घेऊन आली आन म्या वळखलं. दोन शेजारनींना हाळी दिली, घरच्या समद्या गवऱ्या आनल्या आन रचलं. हितं उकरू देईना म्हनून कुनी काय बी बोललं. म्हटलं, माजं सरपन हाय, हात तर लावा."

"आत... ते शाबूत आहे?"

"लेकरू निजलंय. त्येच्या अंगावर गवरी पडू नये म्हनून मदी फळी लावलीय."

बाई तिथे जमिनीवरच बसल्या. पुस्तकी बाई, पण त्यांनी हुडव्याला पाठ टेकली आणि डोळे मिटले. मग म्हणाल्या, "वस्तीचं काय राहिलं ते आता देव जाणे. पण हे राहिलं."

मी काकूंना म्हटलं, मी नवं पत्रक काढते, ठेवा हा शब्द काढून टाकते, घरोघर जाऊन समजावते. नेमकं काय लिहू म्हणजे लोक ऐकतील?

काकूंनी माझ्याकडे जरा कीव करत पाहिलं. "काय बी लिवू नका. हितं तुमी थोडं गप ऱ्हावा."

तरी मी त्या दिवशी चार-सहा घरी गेले. सोनं नाही, हंडा नाही, खापरं आणि हाडं आहेत, असं हात जोडून सांगितलं. एका ओट्यावर एक म्हातारा माझं ऐकून घेऊन म्हणाला, "मग ठेवा म्हनून कशाला लिवलं? शिकल्याली ना तुमी?" बाकीचे हसले. उकरणं मात्र थांबलं, हाडं निघतात या भीतीनं थांबलं असेल किंवा सोनं निघत नाही या कंटाळ्यानं.

निघताना मी संपतला पुन्हा तेच म्हणाले, टेकाडाचं राहिलेलं तरी सोडा. या वेळी तो "बगतो" म्हणाला नाही. "ताई, मला काय वेड लागलं न्हाई माती उपसायचं. फोन येतो म्हनून गाडी जाती. तुमच्याकडचा फोन बंद करा, माजी गाडी बंद. ऊस काय, खालच्या शेतात बी हुईल."

त्याच्या खिशातला मोबाइल तेवढ्यात वाजला. त्यानं नाव पाहून तो माझ्यापुढे धरला. वाघोलीच्या नर्सरीवाल्याचाच होता.

आता

बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ पत्रक उलटसुलट करत राहिले. म्हणाले, "गेटावर एक शब्द चुकला तर संप फुटतो. हे मी तुला शिकवायला हवं होतं." मग उठून भात लावायला गेले.

काकूंचं मी अर्धंच ऐकते आहे. तिथे गप्प राहीन. म्हणून वाडीचं नाव या लेखात नाही, नदीचं नाही, कुणी विचारलं तर सांगणारही नाही. पण इथे, ज्यांचे फोन जातात त्यांच्यात, मला गप्प राहता येत नाही. रेवतीनं तिच्या सोसायटीच्या बैठकीत विषय काढला, तेव्हा एका गृहस्थांनी विचारलं, "मग झाडांना काय घालायचं?" शेणखत घाला ना. ज्या गोठ्यातून हुडव्याच्या गोवऱ्या आल्या तिथे ते पडलेलं असतं.

एक गोष्ट मला झोपू देत नाही. काकूंच्या घरी चूल आहे आणि चुलीला गोवऱ्या लागतात. त्या हुडव्याच्या बाहेरच्या अंगानं काढतात, भिंतीकडचा भाग तसाच ठेवतात. पण रोज भाकरी होते. रोज हुडवा थोडा लहान होतो. अर्जाचं उत्तर आधी येईल की शेवटची गोवरी आधी निघेल, हे मला माहीत नाही.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे, आणि ते आजच करायचं आहे. बाल्कनीत जा. कुंडीतली माती बोटांनी उकरा. पांढुरकी, राखेसारखी हलकी माती आणि त्यात लाल खापर, काळी रेघ दिसली तर फेकू नका, धुऊन शोकेसमध्येही मांडू नका. कागदात गुंडाळून माती कुठून आली ते त्यावर लिहा आणि पुरातत्त्व शिकवणाऱ्या कुणाकडे नेऊन द्या. आणि मग ज्यानं ती माती दिली त्याला फोन लावा. भांडू नका, भाषण करू नका, ते मी करून पाहिलंय. एवढंच सांगा, की पांढरीची माती असेल तर पुढची गाडी आम्हाला नको.